मुलाला बांधणं-कोंडणं शाळेतून कसं बंद करायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

ओढणीच्या काठाला बारीक मणी असतात, त्यांचा वळ मनगटावर उमटतो. लाल ठिपक्यांची रांग. ती रांग मी पहिल्यांदा पाहिली माझ्याच वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातावर, आणि ओढणी माझी होती.

ठाण्यातल्या दिव्यांग मुलांच्या एका विशेष शाळेत मी तेव्हा नवीन लागले होते. वर्गात अकरा मुलं, मी आणि एक मावशी. त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. हा मुलगा सकाळपासून तीनदा वर्गाबाहेर पळाला आणि तिसऱ्यांदा थेट जिन्याच्या टोकाशी सापडला. माझा जीव घशाशी आला. ‘पाचच मिनिटं’ असं स्वतःला सांगत मी त्याचा हात खुर्चीच्या दांडीला बांधला आणि डब्याच्या सुट्टीपर्यंत सोडला नाही. तो बोलत नव्हता, म्हणजे घरी सांगणार नव्हता. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, “टीचर, ह्याच्या हाताला काय झालंय?” मी म्हणाले, “खेळताना लागलं असेल.”

पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या घरी जाऊन खरं सांगितलं. पण गेल्या कित्येक वर्षांत मी जे पाहिलं त्यावरून सांगते, ही प्रथा त्या ‘खेळताना लागलं असेल’ वरच टिकून आहे. बांधलेलं कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून कुणी विचारत नाही. कुणी विचारत नाही म्हणून पर्याय शोधला जात नाही. म्हणून या लेखात नोंदीबद्दल मी पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

आधी नाव द्या

शाळेत याला ‘बांधलं’ कुणी म्हणत नाही. ‘जरा बसवून ठेवलं’, ‘शांत व्हायला वेगळं ठेवलं’, ‘टाइमआउट दिला’, ‘सेफ्टीसाठी बेल्ट लावला’ असे शब्द असतात. शब्द बाजूला ठेवून एवढंच बघा: मुलाला हलायचं होतं आणि हलू दिलं नाही का? बाहेर यायचं होतं आणि येऊ दिलं नाही का?

खुर्चीला, बाकाला, खिडकीच्या गजाला बांधणं हे उघडच आहे. पण मोठ्या माणसाने मुलाला मांडीखाली दाबून बसणं, दोन हात मागे धरून ठेवणं, जमिनीवर पालथं पाडणं हेही तेच. स्टोअररूममध्ये, बाथरूममध्ये, रिकाम्या वर्गात ठेवून कडी लावणं म्हणजे कोंडणं. कडी न लावता दाराला पाठ लावून उभं राहणंही कोंडणंच. व्हीलचेअरचा ब्रेक लावून मुलाला भिंतीकडे तोंड करून ठेवणं, कुबड्या उंच कपाटावर ठेवणं, श्रवणयंत्र ‘नीट वागलास तर मिळेल’ म्हणून काढून घेणं, न बोलणाऱ्या मुलाचा चित्रांचा तक्ता किंवा टॅब काढून घेणं, हे सगळं याच यादीत येतं. चालता येणाऱ्याचे पाय बांधणं आणि न चालणाऱ्याची व्हीलचेअर अडवणं यात मला काहीच फरक दिसत नाही. आणि ‘डॉक्टरांकडून डोस वाढवून आणा, नाहीतर शाळेत पाठवू नका’ असा निरोप आला, तर औषधाने बांधायची मागणी होते आहे हे ओळखा.

जिथे खरोखर गोंधळ होतो ती जागा म्हणजे पट्टा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या सीपी चेअरला छातीचा आणि कमरेचा पट्टा असतो. तो धड सरळ राहावं, हात मोकळे व्हावेत, घास नीट गिळता यावा म्हणून असतो. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने (ओटी) तो लिहून दिलेला असतो, किती वेळ बसवायचं तेही सांगितलेलं असतं, आणि मूल कंटाळलं की काढतात. पण स्वतः चालणाऱ्या, धावणाऱ्या मुलाला ‘हा एका जागी बसत नाही’ म्हणून त्याच खुर्चीत जखडलं, तर वस्तू तीच असली तरी ते बांधणं झालं. शाळेला चार प्रश्न विचारा: हा पट्टा कुणी लिहून दिला, कशासाठी, किती वेळ, आणि मुलाने खुणेने ‘सोड’ सांगितलं तर सोडता का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही नीटनेटकी असली तरी उपयोग नाही.

बसचंही तसंच. चालत्या बसमध्ये सगळ्यांना असतो तसा सीटबेल्ट म्हणजे सुरक्षा. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर रांगेत उभी असताना एकाच मुलाचे हात सीटमागे बांधणं ही सुरक्षा नाही. गाडीला आग लागली तर ती गाठ सोडणार कोण?

मूल बोलत नसेल तर कसं कळणार?

मनगट, घोटे, काख आणि दंडाची आतली बाजू रोज आंघोळीच्या वेळी बघा. दोन्ही हातांवर सारख्याच जागी वळ असतील तर ते सहसा पडून झालेले नसतात. नवीनच बंद दाराची भीती बसली असेल, घरच्या बाथरूमची कडी लागली की मूल किंचाळत असेल, एखाद्या ठरावीक खुर्चीपाशी, मावशीपाशी किंवा बसच्या पायरीपाशी अंग चोरत असेल, सुटलेली शूची सवय पुन्हा लागली असेल, बाहुलीला दोरी गुंडाळत असेल, तर लक्ष द्या. यातली एकच खूण पुरावा ठरत नाही. दोन-तीन एकत्र दिसल्या की शांतपणे शोध सुरू करा.

मुलाला ‘तुला टीचरने बांधलं का?’ असं विचारू नका. हो म्हणायची सवय लागलेली बरीच मुलं कशालाही हो म्हणतात, आणि पुढे त्या उत्तराला किंमत राहत नाही. त्यापेक्षा शाळेचा दिवस मांडून बसा. वर्गाचं चित्र, खेळण्यातली खुर्ची, दोन बाहुल्या. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारत राहा. जे केलं, जे म्हटलं, ते त्याच्याच शब्दांत किंवा खुणांत लिहून ठेवा.

पहिल्या दोन दिवसांत

राग येतोच, पण वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो काढू नका. तिथे टाकलेला मजकूर दहा मिनिटांत शाळेत पोचतो आणि सगळे सावध होतात. त्याआधी पुढची कामं उरका.

वळांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा: एक जवळून, एक चेहरा दिसेल असा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवलं की आकार कळतो. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात दाखवा आणि ‘शाळेतून आल्यावर असं दिसलं’ हे केसपेपरवर लिहून घ्या. शाळेचे, शिक्षकांचे, बसच्या ताईंचे सगळे मेसेज जपून ठेवा.

आणि सीसीटीव्ही. राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या घटनेनंतर, शाळांना कॅमेरे बसवणं सक्तीचं केलं. पण बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या: ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, वर्गातलं, जिन्यातलं आणि दारातलं चित्रण जतन करावं.’ चित्रण लगेच दाखवायला ते नाही म्हणतील. ते जतन करा एवढं मागितलेलं पुरे, आणि त्या पत्राची पोच घ्या. नंतर ‘पुसलं गेलं’ असं उत्तर आलं, तर तुमचं पत्र मिळूनही का पुसलं गेलं, हे त्यांना सांगावं लागेल.

एक गोष्ट वेगळी सांगते. अंगावरच्या खुणा किंवा मुलाचं बोलणं लैंगिक छळाकडे बोट दाखवत असेल, तर शाळेशी बोलत बसू नका. सरळ पोलीस ठाणं गाठा, नाहीतर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. पॉक्सो कायद्यानुसार दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाच्या खुणा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. ती मागा.

शाळेला पत्र

तोंडी बोलणं हवंच, पण पत्र आधी. लहान, तारीखवार आणि शिव्याशाप नसलेलं. नमुना असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा / मुलगी (नाव, इयत्ता) दि. … रोजी शाळेतून परत आल्यावर त्याच्या दोन्ही मनगटांवर वळ होते (फोटो सोबत). त्या दिवशी त्याला बांधण्यात, धरून ठेवण्यात किंवा वेगळ्या खोलीत ठेवण्यात आलं का, कुणी, किती वेळ आणि कोणत्या कारणाने, हे आठ दिवसांत लेखी कळवावं. यापुढे त्याला बांधण्यास किंवा कोंडण्यास आमची संमती नाही. त्याच्या आयईपीमध्ये (वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) वर्तन-साहाय्याची योजना घालण्यासाठी वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि आम्ही यांची बैठक दि. … पूर्वी घ्यावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसती तक्रार गेली की शाळा स्वतःचा बचाव करायला बसते. बैठकीची मागणी गेली की वर्गातल्या चांगल्या शिक्षिकेला बोलायला जागा मिळते, आणि अशी एक तरी शिक्षिका बहुतेक शाळांत असते.

प्रवेशाच्या वेळी काही ठिकाणी हमीपत्र घेतात: ‘गरज पडल्यास पाल्यास आवर घालण्यास आमची हरकत नाही.’ ती सही तुम्ही केली असेल तरी घाबरू नका. पालकाच्या सहीने कायद्यातली बंदी उठत नाही.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्गात, ग्रंथालयात, शौचालयात किंवा शाळेतल्या कोणत्याही बंद जागेत मुलाला अडकवून ठेवणं ही शारीरिक शिक्षाच आहे. यासाठी मुलाकडे दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असण्याची अट नाही. निदान अजून चालू असलेल्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची चार-पाच कलमं पाठ असू द्या. कलम ६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं. कलम ७ खाली छळ किंवा हिंसेची माहिती कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. कलम १६ शाळांवर भेदभाव न करण्याची आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करण्याची जबाबदारी टाकतं. कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं, तिच्या अवयवाच्या, इंद्रियाच्या किंवा साहाय्यक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं हे गुन्हे त्यात येतात. ‘शांत झाल्याशिवाय डबा नाही’ म्हणणाऱ्यांना आणि कुबड्या लपवणाऱ्यांना हे कलम वाचून दाखवावं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ मुलावरच्या क्रूरतेचं आहे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम १२६ वाट अडवण्याबद्दल आणि कलम १२७ कोंडून ठेवण्याबद्दल आहे.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कायदा शाळेचा नाहीच. वागळे इस्टेटकडे जाताना आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं, १९०१ पासूनचं. त्याच्या नावाने ठाण्यात पिढ्यानपिढ्या मुलांना भीती घालत आले. आज त्या रुग्णालयाला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. त्याचं कलम ९५ रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई करतं. कलम ९७ एकांतात कोंडायला पूर्ण मनाई करतं. शारीरिक अटकाव फक्त तत्काळ इजा टाळायचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हा, तोही मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि कर्मचारी कमी आहेत या कारणावरून तर नाहीच. हा कायदा शाळांना लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण बैठकीत संस्थाचालक जेव्हा ‘मॅडम, स्टाफच नाही, करायचं काय?’ असं म्हणतात, तेव्हा मी विचारते: जे मनोरुग्णालयात मोठ्या माणसाशी करता येत नाही, ते दुसरीतल्या मुलाशी कसं करता येईल? आजवर याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

शाळेने ऐकलं नाही तर

सर्वसाधारण शाळा असेल तर ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि न पटल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. विशेष शाळेची नोंदणी दिव्यांग कल्याण यंत्रणेकडे असते, म्हणून तिची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पाठवा. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि नियम मोडणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्दही होऊ शकते. विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, तिथेही त्यांच्या वर्तनाबद्दल तक्रार करता येते.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मुलांना आणि दिव्यांग व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करावा.

शाळा लगेच सोडायची का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. इजेची भीती असेल तर त्या दिवसापासून पाठवू नका, पण का पाठवत नाही ते लेखी कळवा, म्हणजे गैरहजेरीचं निमित्त पुढे होणार नाही. भीती तेवढी नसेल तर मी महिनाभर थांबायला सांगते. दुसऱ्या शाळेत पहिल्या दिवसापासून सगळं नीट असेलच असं नाही, आणि इथे निदान आता डोळे उघडलेले आहेत.

आता शिक्षकांसाठी: नऊ दिवसांची वही

मुलगा पळायचा, म्हणून मी बांधलं. का पळायचा, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

त्या प्रकारानंतर मुख्याध्यापिकांनी माझ्या हातात दोनशे पानी वही दिली आणि चार रकाने आखायला लावले: वेळ, त्याच्या लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर आम्ही काय केलं. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं. ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केलं’ असं लिहायचं नाही, कारण ते दिसत नाही, आपण ठरवतो.

नऊ दिवसांनी वही उघडून बसलो. पळण्याच्या बहुतेक वेळा अकरा वाजून दहा मिनिटं ते साडेअकराच्या मधल्या. आधीच्या रकान्यात मात्र रोज वेगळं: गणित, चित्र, गोष्ट. मावशी म्हणाल्या, “टीचर, तेव्हा दादा मोटर लावतात ना.” वर्गाच्या भिंतीला लागून खाली पाण्याचा पंप होता. आम्हाला तो आवाज ऐकू येणंच बंद झालं होतं. मी तळहात भिंतीला टेकवला तर भिंत थरथरत होती. आणि मी ज्या खुर्चीला त्याला बांधलं होतं, ती त्याच भिंतीला टेकलेली होती.

शिपाईदादांनी मोटर सकाळी मुलं यायच्या आधी लावायला सुरुवात केली. त्याचं पळणं पूर्ण थांबलं नाही, पण दिवसातून तीन-चारदा होतं ते आठवड्यातून एक-दोनदावर आलं. पैसा एक लागला नाही.

म्हणून ‘लगेच आधी काय घडलं’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नका. आणि वही उघडण्याआधी शरीर तपासा: दात, कान, बद्धकोष्ठता, मुलींच्या बाबतीत पाळी, फिट्सच्या औषधाची बदललेली वेळ, न झालेली झोप. डोकं आपटणाऱ्या किती तरी मुलांचा कान दुखत असतो. यातलं काही नसेल तर वही बहुतेक वेळा चारांपैकी एक उत्तर देते: मुलाला कामातून सुटका हवी आहे, कुणाचं लक्ष हवं आहे, एखादी वस्तू हवी आहे, किंवा आवाज-उजेड-स्पर्श सोसवत नाही. उत्तर सापडलं की त्याच कामासाठी मुलाला सोपी वाट द्या. सुटका हवी असेल तर ‘ब्रेक’चं कार्ड. पहिले पंधरा दिवस कार्ड दाखवलं की दर वेळी, विनाअट, दोन मिनिटं सुटका. इथे शिक्षक कचरतात, ‘मग तो दिवसभर कार्डच दाखवेल’. काही दिवस दाखवतो खरा. मग त्याला खात्री पटते की मागितलं की मिळतं, आणि मागणं आपोआप कमी होतं.

आपल्याकडच्या काही गोष्टी वर्षाच्या कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा: गणपतीआधी शेजारच्या मैदानात सुरू होणारा ढोल-ताशांचा सराव, दहीहंडी, दिवाळीआधीचे फटाके, पत्र्याच्या शेडवरचा पाऊस, जूनमध्ये शाळा सुरू होतानाचा पहिला आठवडा. त्या दिवसांत वर्गाची जागा बदला, कानावरचे मफ तयार ठेवा, कामाचा बोजा कमी करा.

क्षण आलाच तर

मेल्टडाउन, म्हणजे मुलाचा स्वतःवरचा ताबा पूर्ण सुटणं, सुरू झाल्यावर शिकवणं थांबतं. तेव्हा बोलणं जितकं कमी तितकं बरं. एकाच माणसाने, खालच्या आवाजात, दोन-तीन शब्दांत बोलावं: ‘मी आहे. बस इथे.’ बाकीच्या मुलांना दुसऱ्या माणसाने बाहेर न्यावं. या मुलाला ओढून बाहेर काढण्यापेक्षा दहा मुलांना रांगेत बाहेर नेणं सोपं असतं. कात्री, कंपास, बाटली उचला. ट्यूबलाइट आणि पंख्याचा आवाज कमी करता आला तर करा. हाताच्या अंतरापलीकडे, थोडं तिरकं, त्याच्या आणि दाराच्या मध्ये न येता उभं राहा. डोळ्याला डोळा भिडवू नका. आणि वेळ जाऊ द्या.

फिट आली असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा हातपाय दाबून धरायचेच नाहीत. आजूबाजूच्या वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, वेळ मोजा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

मुलाला हाताने अडवण्याची वेळ एकाच परिस्थितीत मान्य करता येते: रस्त्यावर धावत सुटलेलं मूल, गॅलरीच्या कठड्यावर चढलेलं मूल, दुसऱ्याच्या डोळ्याशी गेलेली कात्री. तेव्हा धरा, बाजूला घ्या आणि धोका सरताच सोडा. पालथं पाडायचं नाही. छातीवर, पाठीवर, पोटावर, मानेवर भार द्यायचा नाही, तोंड झाकायचं नाही. पालथ्या मुलाच्या पाठीवर भार आला तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो, आणि ‘आता शांत झाला’ असं वाटतं ते कदाचित श्वास थांबत असल्यामुळे असतं. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात, कित्येकांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. त्यांच्याबाबत तर फारच जपा.

शांत कोपरा म्हणजे कोठडी नव्हे

चांगल्या हेतूने केलेला कोपरा तीन महिन्यांत शिक्षेची खोली होतो, हे मी दोन शाळांत पाहिलं आहे. सुरुवात होते ‘तुला जायचंय का?’ने आणि शेवट होतो ‘जा तिकडे!’ने. त्यामुळे आमच्या इथे कोपऱ्याला दार नाहीच. वर्गातच पुस्तकांच्या कपाटामागे चटई, लोड, एक जड गोधडी आणि वाळूची बाटली. मूल स्वतःहून जातं, स्वतःहून येतं. मोठं माणूस दिसेल इतक्या अंतरावर असतं. आणि ‘कोपऱ्यात जा’ हे वाक्य कुणी रागाने म्हणायचं नाही, हा नियम आधी शिक्षकांसाठी आहे.

नोंदवही

अमेरिकेचं शिक्षण खातं शाळांकडून याचे आकडे गोळा करतं. २०१७-१८ च्या आकड्यांत शाळेतल्या मुलांमध्ये दिव्यांग मुलांचा वाटा १३ टक्के होता, पण हाताने दाबून रोखलेल्या मुलांमध्ये ८० टक्के आणि कोंडलेल्यांमध्ये ७७ टक्के. त्यांच्याकडे सगळं सुधारलं आहे असं नाही. पण मोजलं म्हणून हे दिसलं तरी. आपल्या शाळेत मोजायला एक वही पुरते.

मुलाला धरलं, अडवलं, वेगळं ठेवलं, की त्याच दिवशी नोंद: तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, कुणी, कसं धरलं, आधी काय झालं, काय करून पाहिलं, मुलाला किंवा मोठ्यांना काही लागलं का. पानांना छापील क्रमांक असलेली वही घ्या, म्हणजे पान फाटलं तर कळतं. पालकांना त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत फोन, आणि नोंदीची प्रत. दोन दिवसांत छोटी बैठक, ज्यात मावशी आणि बसच्या काकांनाही बसवायचं. मोटर लावतात हे मला माहीत नव्हतं, मावशींना होतं. महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकांनी वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे किंवा विश्वस्तांपुढे ठेवावी. एकाच मुलाचं नाव तीनदा आलं, तर योजना चुकली असं समजून ती नव्याने लिहायची.

पहिल्या दोन महिन्यांत नोंदी वाढलेल्या दिसतील. विश्वस्त घाबरतात, पण त्याचा अर्थ घटना वाढल्या असा नसतो, त्या पहिल्यांदा लिहिल्या गेल्या असा असतो. खरं लिहिणाऱ्या शिक्षिकेला त्या काळात मेमो दिला, तर पुढची सगळी पानं कोरी राहतील.

प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीत आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. सर्वसाधारण शाळांसाठी सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ असतात, त्यांना बोलावून घ्या. मात्र बोलावताना मावश्या, शिपाईदादा, बसच्या ताई यांना आधी बसवा. मुलाला हात लावायची वेळ बहुतेकदा त्यांच्यावर येते, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी चहा करायला त्यांनाच पाठवलं जातं.

बंद झाल्यानंतर

बांधणं थांबलं म्हणून मुलाची भीती लगेच जात नाही. पालकांनी निदान सहा महिने धीर धरावा, आणि शाळेने त्या काळात ‘आता तर कुणी काही करत नाही, मग का घाबरतो?’ असं विचारू नये. ज्या माणसाने बांधलं त्याने मुलाला समजेल अशा पद्धतीने माफी मागावी, आणि मूल जवळ येईपर्यंत त्याला हात लावू नये. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने मला घरात घेतलं, चहा दिला, पण तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा त्याने माझ्या ओढणीचं टोक धरून बघितलं आणि सोडून दिलं. मी शाळेत ओढणी घेणं बंद केलं.

ती खुर्ची आम्ही वर्गातून काढली. तरी तो पुढची दोन वर्षं कुठल्याच खुर्चीवर बसला नाही. चटईवर पालथी मांडी घालून, पाट समोर घेऊन लिहायचा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हा खाली का बसतो? मुख्याध्यापिकांनी त्याची आयईपी उघडून दाखवली. त्यात लिहिलं होतं: ‘लेखन: जमिनीवर बसून, दाराजवळ, दार उघडं.’